शेपटीचं अक्षर

क ख ग घ नंतर शाळेत आपण जे अक्षर
नाकातल्या नाकात उरकून टाकतो,
जे पुढे एखाद्या वाङ्मयात तेवढं भेटतं,
ते ताना नदीच्या काठी रोज बोलतात.
बर्फाच्या नावात आहे. ‘नंतर’ या शब्दात तर दोनदा.
लिहिताना ‘एन’च्या पायाला शेपटी काढतात.

युव्वा मास्तरांच्या टाइपरायटरला शेपटी नव्हती.
ते नुसता एन ठोकायचे,
ओळ संपली की डाव्या हातानं गाडा मागे ढकलायचे,
आणि रात्री पेननं शेपट्या ओढत बसायचे.
आठशे बारा नावं : तळी, धबधबे,
होडी वळवायच्या जागा.

कागद पुरात गेले.
त्याआधी कुणा पुतण्यानं ती संगणकावर उतरवली होती,
जुन्या, जे मिळालं त्या एन्कोडिंगमध्ये.

डिसेंबर. सूर्य महिनाभर रजेवर.
वाचनालयाच्या तळघरात सीरे
बॉटला नावं भरवतेय विकीच्या पानासाठी,
आणि बॉट घास थुंकतोय.

आधी प्रत्येक लांब आ-च्या जागी
काळी चौकट, पोटात पांढरं प्रश्नचिन्ह.
हे सोपं.
अक्षर मेलेलं नसतं, चष्मा चुकलेला असतो.
स्क्रिप्टमध्ये एक शब्द बदलला,
तळी आपापल्या जागी येऊन बसली.

मग नावं दिसायला बरोबर,
तरी यादीशी जुळवली की : असं तळं नाही.
पुन्हा : असं तळं नाही.
पाऊण वाजता तिनं लांबी मोजली.
सात अक्षरांचं नाव, लांबी आठ.
शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं,
अर्थ : गाडा मागे न्या.
गाडा कुठे आहे आता?
मास्तरांचा डावा हात
प्रत्येक ओळीच्या टोकाला अजून ढकलतोय.
तिनं तो आठशे बारा वेळा हळूच सोडवला.

पान छापलं, तर सगळी नावं एकाच परिच्छेदात.
विकीला एक एंटर म्हणजे नुसता श्वास.
ती ओळ मोडत नाही.
क्षणभर वाटलं, राहू दे, नदी अशीच तर वाहते.
मग प्रत्येक नावाआधी एकेक चांदणी लावली.
बाहेरही तेवढाच उजेड होता.

उरली प्रश्नचिन्हं. नुसती, बिनचौकटीची.
ही कुठल्याच चष्म्यानं परत येत नाहीत.
जतन करताना यंत्राला शेपटीसाठी जागा सापडली नाही,
त्यानं दारात प्रश्न ठेवला आणि अक्षर टाकून दिलं.
ध चा मा करणाऱ्यानं निदान मा तरी लिहिला होता.

तिनं रिस्तिनला फोन लावला. आईची धाकटी बहीण.
धाकट्या मावशीला तिकडे वेगळा शब्द आहे,
त्याच्या पोटातली दोन्ही अक्षरं अशीच गेलेली.
“एक तळं आहे. मुओ, मग दोन प्रश्न, मग आ.”
“अगं, ते माझंच,” रिस्तिन हसली. सुरीचा आवाज थांबला.
“लिही.”

दोन रात्री ती मासे साफ करत बोलत होती
आणि सीरे शेपट्या लावत होती.

“आता शेवटचं. नुसतंच प्रश्नचिन्ह, पुढे ‘धबधबा’.”

फोनमध्ये नळ वाहत राहिला.

“तिथे अक्षर नव्हतंच गं.
मास्तरांनी विचारलं होतं मला, होडीत,
याला तुम्ही काय म्हणता.
सॅमन तिथेच लागायचा. मी सांगितलं नाही.
त्यांनी माझ्याकडे बघत बघत ते चिन्ह काढलं.”

“आणि आता?”

“आता माझी कॉफी उतू चाललीय.”

सीरेनं त्याच्याही आधी चांदणी लावली.
लांबी तपासली : जेवढी हवी तेवढी.
मागे काही चिकटलेलं नाही.
?
जतन केलं.